एकच थंडी, दोन पाणी

गळ टाकून बसणाऱ्या माणसाला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, थंडीत मासा जास्त लागतो की कमी? कुणी सांगतो, पाणी गार झालं की मासा सुस्तावतो, तोंडच उघडत नाही. दुसरा म्हणतो, छे, खरी मजा थंडीतच. मोठा मासा तेव्हाच काठाला येतो. दोघंही अनुभवाचं बोलतात आणि दोघांचंही खरं असतं. ही दोन्ही उत्तरं एकाच दिवशी, एकाच गावात खरी ठरताना पाहायची असतील, तर अमेरिकेच्या दक्षिण टोकाकडे, फ्लोरिडाकडे बघायला हवं.

फ्लोरिडाच्या मुख्य भूमीखाली नैर्ऋत्येकडे लहान लहान बेटांची एक रांग गेली आहे. या बेटांना 'फ्लोरिडा कीज' म्हणतात. त्यांतलं इस्लामोराडा हे गाव स्वतःला क्रीडा मासेमारीची जागतिक राजधानी म्हणवून घेतं. क्रीडा मासेमारी म्हणजे पोटासाठी नव्हे तर हौसेसाठी, रॉड-रीळ घेऊन गळाने केलेली मासेमारी. यात पकडलेला मासा पुष्कळदा पुन्हा पाण्यात सोडतात. इस्लामोराडाची जमीन इतकी अरुंद आहे की एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर चालत जाता येतं. एका अंगाला 'फ्लोरिडा बे' नावाचा उथळ उपसागर, दुसऱ्या अंगाला अटलांटिक महासागर. जानेवारीत उत्तरेकडून थंडीची लाट आली की उपसागराच्या बाजूचे वाटाडे हिरमुसतात. काल जिथे मासे होते तिथे आज चिटपाखरू नसतं. त्याच सकाळी महासागराच्या बाजूचे बोटवाले मात्र घाईघाईने आमिष भरत असतात, कारण सेलफिश लागण्याचे दिवस आलेले असतात.

थंडी एकच आणि मासे दोन्हीकडे थंड रक्ताचेच. मग असं का होतं?

उथळ पाणी आणि वाहतं पाणी

पहिलं कारण भूगोलाचं. फ्लोरिडा बेची सरासरी खोली जेमतेम एक मीटर आहे. कित्येक ठिकाणी माणूस कंबरभर पाण्यातून चालत जाऊ शकतो. तळाला समुद्री गवत, मध्ये मध्ये चिखलाचे उंचवटे आणि कांदळवनाची बेटं.

पाणी तापायला आणि निवायलाही वेळ घेतं. एक घनमीटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तीन हजारांहून जास्त घनमीटर हवा एका अंशाने तापते. म्हणून खोल समुद्रावरून एक-दोन दिवस गार वारा वाहिला तरी पाण्याला फारसा फरक पडत नाही. पण मीटरभर खोलीच्या पाण्यात साठवलेली उष्णता ती किती असणार? रात्रभर कोरडा गार वारा सुटला, आकाश निरभ्र राहिलं, की वरून बाष्पीभवनाने आणि उत्सर्जनाने ती झपाट्याने निघून जाते. एक-दोन रात्रींत पाणी कित्येक अंशांनी उतरतं.

महासागराच्या बाजूला चित्र उलटं आहे. तिथून गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह जातो. फ्लोरिडा आणि बहामा बेटं यांच्यामधल्या सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातून हा प्रवाह दर सेकंदाला सुमारे तीन कोटी घनमीटर पाणी उत्तरेकडे नेतो. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्यांचं पाणी याच्या पासंगाला पुरत नाही. वरच्या थरात त्याचा वेग ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका. हे पाणी कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोच्या आखातातून तापून आलेलं असतं आणि ऐन जानेवारीतही साधारण २४-२५ अंशांवर असतं. थंड वारा वरून कितीही वाहो, दक्षिणेकडून नवं गरम पाणी येतच राहतं.

म्हणजे एकाच गावाच्या एका बाजूला रात्रीत गारठणारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला सदा उबदार पाणी. पुढचं सगळं या फरकातून निघतं.

माशाच्या शरीरात काय होतं?

माशाला आपण थंड रक्ताचा म्हणतो. याचा अर्थ त्याचं रक्त गार असतं असा नाही. भोवतालच्या पाण्याचं जे तापमान, तेच त्याच्या शरीराचं तापमान. आपल्यासारखी आतली शेगडी बहुतेक माशांना नसते.

शरीरातल्या रासायनिक क्रिया तापमानावर चालतात. ढोबळ हिशेब असा की पाणी १० अंशांनी उतरलं तर या क्रियांचा वेग निम्म्यावर येतो. पचन मंदावतं. २६ अंशांच्या पाण्यात गिळलेली कोळंबी जेवढ्या वेळात पचते, त्याच्या दुप्पट वेळ १६ अंशांत लागतो. पोट भरलेलं, ऊर्जेची गरज निम्मी, मग मासा आमिषामागे कशाला धावेल? म्हणूनच अनुभवी गळवाले थंडीत लहान आमिष लावतात आणि ते अगदी सावकाश ओढतात.

पण तापमान आणखी उतरलं तर प्रश्न सुस्तीचा राहत नाही, जिवावर बेततं. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थांचं एक पातळ आवरण असतं. ते ठरावीक प्रमाणात प्रवाही राहिलं तरच पेशीत क्षारांची ये-जा नीट चालते आणि मज्जातंतूंतून संदेश जातात. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल बाहेर येत नाही, हे आपण दरवर्षी बघतो. उष्ण पाण्यातल्या माशाच्या पेशींच्या आवरणाचंही काहीसं असंच होतं: ते ताठरतं. मग स्नायू नीट चालत नाहीत, तोल जातो, मासा कुशीवर कलंडतो.

मासे यावर उपाय करू शकतात. आवरणातल्या स्निग्धाचा प्रकारच ते बदलतात, गारठ्यातही न थिजणारा स्निग्ध भरतात. पण या फेरबदलाला कित्येक दिवस लागतात. पाणी महिनाभरात हळूहळू गार झालं तर मासा सावरतो. तेच पाणी दोन रात्रींत तेवढंच उतरलं तर सावरायला सवड मिळत नाही. थंडी किती पडली याइतकंच ती किती वेगाने पडली याला महत्त्व आहे.

वारा गोल फिरतो तेव्हा

फ्लोरिडातली थंडी आपल्यासारखी सलग महिनाभर राहत नाही. ती लाटांनी येते. उत्तरेकडची गार, जड हवा दक्षिणेकडच्या उबदार, दमट हवेखाली घुसते. दोन हवांच्या या सीमारेषेला शीत आघाडी म्हणतात. हिवाळ्यात अशा आघाड्या बहुधा आठवडा-दहा दिवसांच्या अंतराने येत राहतात.

आघाडी येण्याआधी वारा आग्नेयेचा असतो, मग दक्षिणेचा, मग नैर्ऋत्येचा होतो. हवा उबदार आणि आभाळ भरलेलं असतं. मासे या काळात चांगले खातात. मग ढगांची रांग आणि पावसाची सर येते, वारा एकदम वायव्येला फिरतो, पाठोपाठ उत्तरेचा होतो आणि तापमान घसरतं. पुढचे दोन-तीन दिवस आकाश लख्ख निळं, हवा कोरडी, आणि उथळ पाण्यातले मासे गप्प. त्यानंतर वारा ईशान्येकडून पूर्वेला सरकतो, पाणी पुन्हा तापतं आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं. वारा नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत जातो, म्हणून तिथला गळवाला नुसती वाऱ्याची दिशा बघून आपण चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहोत हे सांगतो.

आघाडीपूर्वी मासे का खातात याचं एक लोकप्रिय उत्तर आहे, हवेचा दाब. दाब उतरल्याचं माशाला कळतं, असं सांगतात. साधा हिशेब मात्र या उत्तराच्या विरोधात जातो. आघाडी येताना हवेचा दाब १०-१५ मिलिबारने बदलतो. पाण्यात मासा फक्त १०-१५ सेंटिमीटर खालीवर झाला तरी एवढाच फरक पडतो. डोक्यावरून जाणारी प्रत्येक लाट माशाला याहून मोठा झटका देते. तेव्हा कमी झालेला उजेड, वाऱ्याने ढवळलेलं पाणी, बिथरलेली छोटी मासळी आणि अजून टिकून असलेली ऊब ही कारणं जास्त पटण्याजोगी आहेत.

उत्तरेचा वारा आणखी एक गोष्ट करतो. उथळ उपसागरातलं पाणी तो बाहेर ढकलतो. त्यात हिवाळ्यातली मोठी ओहोटी मिळाली तर गवताची मैदानं उघडी पडतात आणि उरलेले मासे खळग्यांत, वाहत्या ओहोळांत गोळा होतात. पाणी कमी झालं की मासे सापडणं एका परीने सोपं होतं, फक्त त्या खळग्यांची ठिकाणं माहीत असायला हवीत.

प्रवाहाच्या काठावरचा सेलफिश

आता महासागराच्या बाजूला येऊ. सेलफिश हा फ्लोरिडाचा अधिकृत राज्य-समुद्रमासा. वरचा जबडा भाल्यासारखा लांब आणि पाठीवर शिडासारखा उंच निळा पर. उत्तरेकडचं पाणी गार होऊ लागलं की सेलफिश किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे सरकतात. त्यांच्या एका बाजूला किनाऱ्यालगतचं गार, हिरवट, गढूळ पाणी आणि दुसऱ्या बाजूला प्रवाहाचं गरम, गर्द निळं पाणी. दोन पाण्यांची ही सीमा कधी कधी डोळ्यांना एखाद्या रेघेसारखी स्वच्छ दिसते. छोटी मासळी या रेघेवर जमते आणि मागोमाग शिकारीही. पाम बीच ते मायामीच्या पट्ट्यात ही रेघ किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ येते, म्हणून इथे सेलफिशसाठी फार दूर जावं लागत नाही. याच किनाऱ्यावरचं, पाम बीचच्या उत्तरेचं स्टुअर्ट हे गाव सेलफिशची राजधानी म्हणून मिरवतं.

थंडीची लाट येते तेव्हा वारा उत्तरेकडून आणि प्रवाह दक्षिणेकडून, असे दोघं समोरासमोर भिडतात. प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या लाटा आखडतात आणि उभ्या चढतात. छोट्या होड्यांना हा समुद्र धोक्याचा. सेलफिश मात्र या लाटांच्या उतारावरून पृष्ठभागाला लागून दक्षिणेकडे घसरत जातात. बोटीच्या उंच मचाणावरून लाटेच्या काचेसारख्या पोटात त्यांची शेपटी दिसते.

त्यांना पकडायची तिथली रीत बघण्याजोगी आहे. बोटीच्या मागून चक्क पतंग उडवतात. पतंगाच्या दोरीला ठरावीक अंतरावर चिमटे असतात. गळाची तंगूस त्या चिमट्यातून खाली सोडतात आणि टोकाला जिवंत मासा आमिष म्हणून अडकवतात. पतंग तंगूस वरून ओढून धरतो, त्यामुळे दोरा पाण्यात दिसतच नाही; पृष्ठभागावर फक्त तडफडणारं आमिष असतं. बोटीवरचा माणूस डोळे लावून तंगूस वीत-वीत सोडत-ओढत राहतो, कारण लाट खाली गेली की आमिष हवेत लोंबकळतं आणि लाट चढली की बुडतं. सेलफिशने आमिष उचललं की चिमटा सुटतो, तंगूस सैल पडते आणि रीळ फिरू लागतं. वारा पडलेला असेल तर पतंगाला हेलियमचा फुगा बांधतात.

गळाचा आकारही वेगळा असतो. त्याचं टोक बाहेर न राहता आत वळलेलं असतं, त्याला 'सर्कल हुक' म्हणतात. माशाने गिळला तरी तो आतड्यात न रुतता सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. त्यामुळे झटका मारायचा नसतो, नुसतं रीळ गुंडाळत राहायचं. मासा सोडल्यावर जगण्याची शक्यता यामुळे बरीच वाढते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर सेलफिश पकडण्याच्या स्पर्धांमध्ये नैसर्गिक आमिषाबरोबर हाच गळ वापरणं २००८ पासून सक्तीचं आहे. सोडायचा सेलफिश फोटोसाठी पाण्याबाहेर काढायलाही मनाई आहे.

सेलफिश आणि त्याच्या भाल्या-तोंडाच्या भाईबंदांची एक गंमत सांगायलाच हवी. थंड रक्ताच्या नियमाला ते थोडी बगल देतात. डोळ्याच्या एका स्नायूचं रूपांतर होऊन त्यांच्या मेंदूजवळ उष्णता तयार करणारं एक छोटं इंद्रिय बनलेलं असतं. बाकी शरीर पाण्याइतकंच गार राहतं, पण डोळे आणि मेंदू उबदार. खालच्या गार थरात बुडी मारल्यावरही नजर मंदावत नाही, आणि पळत्या शिकारीमागे लागणाऱ्या माशाला ते पुरतं.

याच दिवसांत किंगफिशही दक्षिणेकडे उतरतो. पाणी २० अंशांच्या आसपास आलं की तो जागा सोडतो. हा आपल्या सुरमईच्या कुळातलाच मासा. दोघांचं शास्त्रीय वंशनाव एकच आहे, स्कोम्बेरोमोरस.

उपसागरात मासे जातात कुठे?

उथळ पाण्यातल्या माशांमध्ये मोठी कसोटी लागते ती स्नूकची. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ, कांदळवनाच्या मुळांत दबा धरून बसण्याची सवय आणि गळाला लागल्यावर जोरदार झुंज. आपल्याकडच्या जिताड्याचा हा जवळचा नातलग. एके काळी दोघांना एकाच कुळात धरत. दोघंही खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या सीमेवर वावरतात, आणि दोघांमध्येही मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो.

पाणी १५ अंशांच्या आसपास आलं की स्नूक खाणं सोडतो. आणखी दोन-तीन अंश उतरलं की त्याचा तोल जातो आणि १० अंशांखाली तो बहुधा वाचत नाही. म्हणून थंडीची चाहूल लागताच स्नूक उबेच्या जागा गाठतो: नद्यांचे खोल डोह, बोटींचे कालवे, तळातून कोमट पाणी येणारे झरे. क्रिस्टल रिव्हर इथले झरे बारमाही सुमारे २२ अंशांवर असतात. टँपाजवळच्या बिग बेंड वीजकेंद्रातून यंत्रं थंड करून आलेलं गरम पाणी कालव्यात सोडतात. हिवाळ्यात तिथे शेकडो मॅनाटी, म्हणजे संथ, अवाढव्य समुद्री सस्तन प्राणी, उबेला जमतात; मासेही येतात.

थंडी मध्यम असेल तर मासे रोजच्या रोज हलतात. काळ्या चिखलाचा तळ ऊन शोषून घेतो आणि त्यावरचं पाणी पांढऱ्या वाळूवरच्या पाण्यापेक्षा लवकर तापतं. सकाळी खोल ओहोळात थिजून बसलेले मासे दुपारी दोननंतर अशा काळ्या तळावर येतात. म्हणून तिथले जाणते लोक जानेवारीत पहाटे उठून जात नाहीत, निवांत जेवून निघतात.

सगळेच मासे थंडीला भितात असं नाही. शीप्सहेड हा काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा मासा थेट न्यूयॉर्कपर्यंत आढळतो. फ्लोरिडाची थंडी त्याला सोसते. त्याचे पुढचे दात माणसाच्या दातांसारखे दिसतात आणि तो त्यांनी पुलाच्या खांबांवरचे शिंपले, खेकडे फोडून खातो. हिवाळ्याच्या शेवटी विणीसाठी शीप्सहेड पूल आणि धक्क्यांभोवती जमतात. छोट्या खेकड्याचं आमिष लावून किनाऱ्यावरूनच ते पकडता येतात. आमिष मात्र इतक्या हळुवार पळवतात की गळ रिकामा झाल्यावरच कळतं.

जानेवारी २०१०

हिशेब चुकला तर काय होतं, ते २०१० च्या जानेवारीत दिसलं. थंडी दोन दिवसांत ओसरली नाही, जवळपास दोन आठवडे मुक्कामाला राहिली. फ्लोरिडा बेचं पाणी १० अंशांखाली गेलं. स्नूक मोठ्या संख्येने मेले. हजारो समुद्री कासवं बधिर होऊन तरंगत सापडली आणि त्यांना उचलून उबेत ठेवावं लागलं. कीजच्या किनाऱ्यालगतचे प्रवाळही मेले.

राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव आयोगाने स्नूक घरी नेण्यावर बंदी घातली. आखाताच्या किनाऱ्यावर ही बंदी थेट १ सप्टेंबर २०१३ पर्यंत टिकली. दोन आठवड्यांच्या गारठ्याची भरपाई व्हायला साडेतीन वर्षांहून जास्त काळ थांबावं लागलं. स्नूक आधी नर आणि मग मादी होत असल्यामुळे मोठे मासे मेले म्हणजे अंडी घालणाऱ्या माद्याच गेल्या, हेही या लांबलेल्या बंदीमागचं दुखणं समजायला मदत करतं.

कोकण किनाऱ्यावर असा प्रसंग येत नाही. आपल्याकडे थंडीत समुद्राचं पाणी २४-२५ अंशांच्या फार खाली सहसा उतरत नाही. आपलं मासेमारीचं वेळापत्रक पावसाळा ठरवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. फ्लोरिडातलं वेळापत्रक ठरतं ते पाण्यातल्या चार-पाच अंशांवर.

थोडक्यात

- उथळ पाणी रात्रीत गारठतं. गल्फ स्ट्रीमचं पाणी थंडीतही २४-२५ अंशांवर राहतं.
- पाणी १० अंशांनी उतरलं की माशाची भूक आणि पचन साधारण निम्म्यावर येतं.
- थंडीच्या तीव्रतेइतकाच तिचा वेग घातक असतो.
- आघाडीपूर्वी उथळ पाण्यात, आघाडीनंतर खोल डोहात किंवा प्रवाहाच्या काठावर मासा शोधावा.
- दुपारचं ऊन आणि काळा तळ हे हिवाळ्यातल्या गळवाल्याचे मित्र.

डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे जाऊन फ्लोरिडाला फिरणारे आता पुष्कळ आहेत. गळ टाकायची हौस झाली तर बाहेरून आलेल्या माणसाला खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीचा परवाना लागतो. तीन आणि सात दिवसांचेही परवाने मिळतात. भाड्याच्या बोटीवर गेलात तर बोटवाल्याच्या परवान्यात तुम्हीही धरले जाता. आणि थंडीने बधिर झालेला स्नूक काठावर कलंडलेला दिसला तर तो आयता मिळाला म्हणून उचलू नका. स्नूक फक्त गळानेच पकडावा असा तिथला कायदा आहे, आणि ऊन वर आलं की त्यांतले काही पुन्हा पोहू लागतात.